उजेडाचे कुंपण

दिवाळीत दारापुढची रांगोळी कोणी काढायची, याचा निकाल आमच्या घरात फार पूर्वीच लागून गेला आहे. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. तेव्हा हा मान माझा, असे कोणालाही वाटेल. पण मी एकदा रांगोळीला बसलो म्हणजे पणत्यांतले तेल संपते तरी माझ्या मोराचे दुसरे पीस पुरे होत नाही, असा घरातल्या मंडळींचा अनुभव आहे. त्यामुळे मला ओट्याच्या पायरीवर चहाचा कप देऊन बसवण्यात येते आणि 'तू नुसता बघ' असा हुकूम होतो.

गेल्या दिवाळीत हा हुकूम करणारी माझी भाची होती. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ती पुण्याहून एस.टी.ने पनवेलला आली. पाषाणला भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे, लोक तिला आयसर म्हणतात. तिथे ती पदार्थविज्ञान शिकते. हातपाय धुऊन, बेसनाचा एक लाडू तोंडात कोंबून ती गेरूने सारवलेल्या चौकोनापुढे बसली आणि भराभर ठिपके टाकू लागली. ठिपक्यांच्या रांगा सरळ आल्या होत्या. मी मास्तरकीच्या सवयीने 'शाब्बास' म्हणालो.

"मामा, पुण्यात आम्ही हेच करतो," ती म्हणाली. "फक्त ठिपके उजेडाचे असतात, आणि एकेका ठिपक्यात एकेक अणू बसवायचा असतो."

इथे मला स्वतःबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. हल्ली त्याला दहावी म्हणतात; पण माझे वडील मॅट्रिक म्हणत, आणि त्यांच्या तोंडी त्या शब्दाला जो रुबाब होता तो माझ्याने सोडवत नाही. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, नोकरी लागली, दोनतीन कादंबऱ्याही लिहून झाल्या. शास्त्राशी माझा संबंध पस्तीस गुणांवर तुटला तो तुटलाच. तेव्हा अणू ठिपक्यात बसवतात म्हणजे काय करतात, हे मला त्या पायरीवर प्रथमच कळले, आणि तेही चिवड्याच्या साहाय्याने.

भाचीने ताटलीतून चिमूटभर पोहे उचलले आणि ठिपक्यांवर भुरभुरले. काही ठिपक्यांवर पोहा पडला, काही मोकळे राहिले. ताई आतून ओरडली, "अगं, अन्नाचा काय खेळ मांडलाय!" तिकडे लक्ष न देता भाची सांगू लागली. लेसरचा झोत भिंगातून एका बिंदूवर आणला की त्या बिंदूकडे अणू ओढला जातो आणि तिथेच अडकून राहतो. पण त्याआधी त्याची धावपळ थांबवावी लागते. तीही लेसरनेच थांबवतात. अणू इतका थंड करतात की निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचे काही लक्षांश एवढीच ऊब त्यात उरते. एका ठिपक्यात दोन अणू आले तर त्यांची टक्कर होऊन दोघेही बाहेर पडतात. म्हणून ठिपक्यात असला तर एक, नाहीतर शून्य. साधारण निम्मे ठिपके रिकामे राहतात. मग उजेडाच्याच चिमट्याने कडेचा अणू उचलून मधल्या रिकाम्या जागी आणून ठेवायचा. हे तिने पोहे सरकवून दाखवले, आणि बघता बघता मधला चौकोन भरला.

"आर्थर ॲश्किन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा चिमटा शोधून काढला," ती म्हणाली. "त्याला २०१८ साली नोबेल मिळाले तेव्हा तो ९६ वर्षांचा होता. आणि २०२५ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत अशा ६,१०० अणूंची रांगोळी घातली गेली."

सहा हजार ठिपके! माझ्या मोराच्या दुसऱ्या पिसाची मला लाज वाटली.

"पण हे अणू एकमेकांच्या शेजारी नुसते गप्प बसून राहतात," ती पुढे म्हणाली. "त्यांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय त्यांच्याकडून गणित कसे करून घेणार? म्हणून त्यांना रिडबर्ग अणू करायचे."

ही मात्र खरोखर ऐकण्यासारखी हकिकत आहे. अणूच्या मध्यावर केंद्र, आणि बाहेर इलेक्ट्रॉन. या इलेक्ट्रॉनला राहायला जणू मजले ठरवून दिलेले आहेत. नेमक्या रंगाचा प्रकाश दिला की तो खालच्या मजल्यावरून एकदम साठाव्या, सत्तराव्या, शंभराव्या मजल्यावर जातो. अणूचा आकार मजल्याच्या वर्गाने वाढतो. म्हणजे हायड्रोजनचा अणू शंभराव्या मजल्यावर गेला की दहा हजार पट फुगतो. एखाद्या लहानशा जिवाणूएवढा होतो! आणि तो जितका मोठा तितका हळवा. मजला दुप्पट केला की शेजारच्या तशाच अणूशी त्याची ओढाताण दुपटीने किंवा चौपटीने वाढत नाही; ती दोन हजारपटीहून अधिक वाढते. त्याचे हे फुगलेपण टिकते तरी किती? सेकंदाचे दहा हजार भाग केले तर त्यांतले एखाददोन भाग. पण अणूंच्या जगात तेवढा वेळ पुष्कळ झाला.

या हळवेपणाची एक गंमत आहे. एक अणू असा चढला की त्याच्या जवळपासच्या दुसऱ्या अणूला चढताच येत नाही. त्याचा मजलाच जागचा हलतो आणि तोच प्रकाश आता त्याला लागू पडत नाही. याला नाकाबंदी म्हणतात. २००९ साली पॅरिसजवळ आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनला दोन अणूंवर हे करून दाखवले गेले. मला ही गोष्ट लगेच समजली. आमचे वडील चिडले की घरातल्या दुसऱ्या कोणालाही चिडता येत नसे. आईचा राग, ताईचा राग, माझा राग, सगळे आपापल्या जागी मुकाट बसून राहत. शेजाऱ्याने काय करायचे ते एका अणूच्या स्थितीवर ठरते. आणि 'हा असा असेल तर तो तसा' ही गणिताची पहिली पायरीच नव्हे का? क्वांटम संगणक या पायरीवर उभे करण्याची खटपट चालू आहे.

हे सारे दूरदेशीचे म्हणावे तर तेही खरे नाही. पाषाणच्या त्या संस्थेत रेजिश नाथ हे रिडबर्ग अणूंचे गणित मांडतात, उमाकांत रापोल यांच्या प्रयोगशाळेत लेसरने अणू थंड केले जातात. २०२३ च्या एप्रिलात केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, त्याला ६,००३ कोटी रुपयांहून अधिक रक्कम नेमून दिली. त्यातले सूक्ष्म मोजमापाचे केंद्र पवईच्या आय.आय.टी.त आहे, पनवेलहून तासादीडतासाच्या वाटेवर.

पण खरे सांगतो, कोटींच्या आकड्यांपेक्षा मला दुसऱ्याच एका माणसाची गोष्ट आवडली. हा रिडबर्ग कोण, असे मी विचारले. तो स्वीडनमधला प्राध्यापक. अणूंच्या प्रकाशातल्या रंगीत रेघांचा सर्वसाधारण नियम त्याने १८८८ च्या सुमारास बसवला. पण त्याच्याआधी तीन वर्षे, १८८५ साली, हायड्रोजनच्या रेघांचे कोडे सोडवले ते स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावच्या एका मास्तराने! योहान बाल्मर त्याचे नाव. मुलींच्या शाळेत गणित शिकवायचा, वय साठ. त्याच्यापुढे चार रेघांची चार मापे होती. त्याने ३६४.५६ हा एक आकडा शोधला आणि दाखवून दिले की चारही मापे त्याच आकड्याच्या पटीत आहेत: नऊ पंचमांश, चार तृतीयांश, पंचवीस एकविसांश आणि नऊ अष्टमांश. शाळेत शिकवतात तेच अपूर्णांक! त्या रेघा तशा का, हे त्याला ठाऊक नव्हते. ते बोरने १९१३ साली सांगितले. पण आकड्यांकडे प्रेमाने पुन:पुन्हा पाहत राहण्याचे काम एका शाळामास्तराने केले, याचा मला उगीचच अभिमान वाटला. मास्तराला दुसरे येते काय? पाहत राहणे, एवढेच.

आणि नेमके त्याच वेळी भाची म्हणाली, "पण मामा, एक घोटाळा होतो. अणू चढला ना, की ज्या उजेडाने त्याला धरून ठेवलेले असते तोच उजेड त्याला बाहेर ढकलतो."

"म्हणजे?"

"त्याचा इलेक्ट्रॉन इतका लांब गेलेला असतो की तो जवळजवळ सुटाच असतो. आणि सुट्या इलेक्ट्रॉनला प्रखर उजेड सोसत नाही. तो अंधाराकडे पळतो. म्हणून बहुतेक ठिकाणी तेवढ्यापुरता चिमटा बंद करतात, काम झटपट उरकून घेतात आणि पुन्हा लावतात. तेवढ्यात अणू निसटला तर निसटला."

"मग यात दोष कोणाचा?" मी विचारले. माझा आवाज बदलला असावा, कारण तिने वर पाहिले.

"दोष कसला? उजेड तोच आहे. अणू बदललाय."

माझ्या हातातला चहा निवून गेला होता. मला एका मुलाची आठवण झाली होती.

अकराएक वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात तो माझ्याकडे आला. कोळीवाड्यातला, आई नव्हती, आजीजवळ राहायचा. बाकावर बसला तरी त्याचा एक पाय नेहमी बाहेर. खिडकीबाहेर काही खुट् झाले की हा उठून उभा. गणिताचे मास्तर त्याला कंटाळले होते, मराठीच्या बाईंनी आशा सोडली होती. पण हातात पेन्सिल आली की तो बगळे काढायचा. खाडीवरचे. एका पायावर उभा असलेला बगळा तो असा काढी की चिखलाचा गारवा आपल्या तळपायाला लागावा. काढायचा मात्र चोरून. वहीच्या शेवटच्या पानावर, डाव्या हाताचे कोंडाळे करून, त्या हाताच्या सावलीत.

मला आनंद लपवता येत नाही. मी त्याची चित्रे फलकावर लावली. शिक्षकांच्या खोलीत नेऊन दाखवली. त्याला पहिल्या बाकावर आणून बसवले. तो थोडा फुलला, थोडा जास्त चुळबुळ करू लागला. मला वाटले, प्रगती आहे. मग स्नेहसंमेलन आले. रंगमंचावर मोठा फळा मांडला, दोन बाजूंनी दोन दिवे सोडले आणि 'आता आमचा बालचित्रकार पाच मिनिटांत चित्र काढून दाखवील' असे मीच ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले.

त्याने एक रेघ ओढली. बगळ्याच्या मानेची असावी. मग तो थांबला. त्याने दिव्यांकडे पाहिले, समोरच्या काळ्या गर्दीकडे पाहिले. हातातला खडू मोडला. आणि तो विंगेतून पळाला तो थेट फाटकाबाहेर. लोक हसले. प्रमुख पाहुणे हसले. आणि पाहुणे हसत होते म्हणून मीही हसलो.

ही शेवटची गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

तो काही दिवस शाळेत आला. शेवटच्या बाकावर बसे. चित्र काढले नाही. वार्षिक परीक्षेनंतर आलाच नाही. मी त्याच्या घरी गेलो. आजी म्हणाली, "तो नाय घरात. बंदरावर गेलाय." दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही तिने हेच सांगितले, पण आतल्या दाराच्या पडद्याखाली मला त्याची पावले दिसत होती. मी काही न बोलता परतलो. तिसऱ्यांदा गेलो नाही.

"मामा, ऐकतोयस ना?" भाची म्हणाली. "आता यावरचा उपाय बघ."

तिने रांगोळीची चिमूट घेऊन गेरूवर एक जाड पांढरे वर्तुळ काढले. मध्यभाग तसाच तांबूस काळा सोडला. त्यात एक पोहा ठेवला. "मध्ये अंधार, आणि चहूकडून, वरून, खालून उजेड. पोकळ भोपळ्यासारखा. अणू जिकडे सरकेल तिकडचा उजेड त्याला परत आत लोटतो. २०२० साली पॅरिसजवळच्या पालेझो गावी हे जमले. बाटली म्हणतात तिला, उजेडाची बाटली."

म्हणजे उजेड तेवढाच, लेसरचाच. फक्त त्याच्या अंगावर न टाकता त्याच्या भोवती ठेवायचा! मला त्या मुलाचा डावा हात आठवला. स्वतःपुरती अशी एक बाटली त्याची त्याने केलेली होती. ती मी मोडली, आणि तिच्या जागी दोन दिवे आणले.

दुसरा एक उपाय तिने जाता जाता सांगितला. यटर्बियमसारख्या अणूला बाहेरच्या अंगाला दोन इलेक्ट्रॉन असतात. एक वर उडाला तरी दुसरा केंद्राजवळ राहतो, आणि उजेडाचा चिमटा त्याच्या आधाराने अणूला धरून ठेवतो. २०२२ साली प्रिन्स्टनमध्ये हे करून पाहिले गेले. हे ऐकून मला आजी आठवली. मुलगा पडद्यामागे होता. पण ती माझ्यासमोर उभी होती. मी तिच्याशी दोन शब्द जास्त का बोललो नाही? ओट्यावर बसून पाणी का मागितले नाही?

नव्या पनवेलात भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा शहाण्या माणसांनी ओळखले की या गोंगाटात नाजूक सुईला खरे बोलता येणार नाही. आणि १९०४ साली त्यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. सुई बिघडली आहे, असे कोणी म्हटले नाही. ही गोष्ट मी दर वर्षी सहलीत मुलांना सांगतो. सांगतो, आणि मला तिचा अर्थ मात्र इतक्या वर्षांनी कळतो!

माणूस म्हणजे अणू नव्हे, हे मला समजते. अणू खाली उतरला की पुन्हा पहिल्यासारखा होतो. शिवाय एका जातीचा कोणताही अणू दुसऱ्यासारखाच. एक निसटला तर कडेचा दुसरा आणून त्याच्या जागी बसवता येतो. वर्गातल्या रिकाम्या बाकावर मीही पुढच्या वर्षी दुसरा मुलगा बसवला. हजेरीपटात रकाना भरला. पण तो पोहा नव्हता.

दिवाळीनंतर महिन्याभराने पनवेलच्या नाक्यावर रस्ता ओलांडायला उभा होतो. एक टेंपो समोरून गेला. त्याच्या मागच्या फळीवर एका पायावर उभा असलेला बगळा होता. मी तो पाय ओळखला. सिग्नलला टेंपो थांबला तेव्हा धावत जाऊन ड्रायव्हरला विचारले, "हे चित्र कोणी काढले?"

"कळंबोलीला ट्रक उभे राहतात ना, तिथे एक पोरगा आहे. नाव विचारू नका, बोलत नाही तो."

त्याच रविवारी संध्याकाळी कळंबोलीला गेलो. हमरस्त्यावर दिवे लागले होते. दोन ट्रकांच्या मध्ये हातभर रुंदीची अंधारी बोळ होती. तिथे उलट्या डब्यावर तो बसला होता. पाठमोरा. खांदे भरले होते, मानेवर दाट केस आले होते. पण डावा हात तसाच कोंडाळे करून फळीला टेकवलेला. पाय स्थिर होते. मी वीसेक पावलांवर उभा राहिलो. दहा मिनिटे असेन. 'शाब्बास' हा शब्द घशापर्यंत आला होता. तो मी गिळला.

जवळच्या चहाच्या टपरीवर मी एक पुडी ठेवली. तीत दोन बारीक कुंचले होते. "कोणी दिले म्हणून सांगू?" टपरीवाल्याने विचारले. "गिऱ्हाईकाने," मी म्हणालो आणि बस पकडली.

बसमध्ये मनाला बरे वाटत होते, आणि थोडे वाईटही. त्याची शाळा सुटली ती सुटलीच. दोन कुंचल्यांनी ती भरून निघत नाही. हाक न मारण्यात मी शहाणपणा केला, की तिसऱ्यांदा त्याच्या घरी न जाण्याचाच हा दुसरा प्रकार, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

परवा शाळेतून येताना नाक्यावर आणखी एक टेंपो पाहिला. मागे बगळाच होता. पण या खेपेला त्याच्या पायाभोवतीचा चिखल, त्यात उमटलेल्या पाण्याच्या वळ्या, सगळे फार बारीक कुंचल्याने काढलेले होते.